हातचा काय?

आमच्या शाळेत जून महिन्यात दोन प्रकारचे शिक्षक दिसत. सुट्टी संपली म्हणून चेहरा पाडून बसलेले सगळे, हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात एकट्या आपा.

शाळा उघडायच्या दिवशी त्या करमाडहून पॅसेंजरने मुकुंदवाडी स्टेशनला उतरत आणि तिथून शाळेपर्यंत जवळजवळ पळत येत. स्टाफरूमच्या दारातच त्यांचा आवाज लागे, "सर, या सत्रात आपल्याकडं कोण येतंय, माहितीय का?"

मी त्या शाळेत नवा होतो. मला वाटलं, शिक्षणाधिकारी येतायत. मी घाईघाईने हजेरीपट शोधायला लागलो.

"ऋण गुणिले ऋण!" आपा म्हणाल्या. "सहावीत नुसती तोंडओळख झाली होती. आता सातवीत मुक्कामालाच येतायत."

लग्नघरातली बाई येणाऱ्या पाहुण्यांची नावं घेते तशी त्या धड्यांची नावं घेत. भूगोलात भरती-ओहोटी येणार. विज्ञानात उष्णता येणार. शिकवत फक्त गणित, पण पाहुणे सगळ्या विषयांचे मोजत. "आणि तुमच्या मराठीत कोण?" त्यांनी मला विचारलं.

"वाक्यांचे प्रकार," मी म्हणालो. घरातलं मीठ संपलंय हे सांगावं, तशा आवाजात.

"म्हणजे होकारार्थी, नकारार्थी?"

"तेच."

आपांनी टाळीच वाजवली. "क्या बात है! म्हणजे दोघांची गाठ पडणार की!"

कोणत्या दोघांची, ते मला तेव्हा कळलं नाही. पुरतं कळलं तेव्हा संस्थेचे अध्यक्ष माइकसमोर उभे होते. पण ते पुढे.

आपांना सगळेच आपा म्हणत. मुलं, मुलांचे आईवडील, शिपाईमामा, मुख्याध्यापक, सगळे. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. घरी दखनी, शाळेत मराठी, आणि फार आनंद झाला की दोन्ही एकदम, अशी त्यांची भाषा. फळ्यावर लिहायची पद्धतही त्यांची त्यांचीच. धन संख्या उजव्या हाताने लिहायच्या, ऋण संख्या डाव्या हाताने. डाव्या हाताचं अक्षर वाकडंतिकडं येई. "ऋण संख्यांना तेवढं चालतं," म्हणत. त्यामुळे त्यांच्या ओढणीवर दोन्ही खांद्यांना खडूची पावडर असे आणि लांबून बघणाऱ्याला वाटे, बाई पिठाच्या गिरणीतून थेट आल्या आहेत.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे हातचा.

बेरीज करताना एककाच्या घरात मावत नाही, ते आपण दशकाच्या डोक्यावर नेऊन ठेवतो, तो हातचा. लहानपणी सगळेच तो शिकतात आणि मोबाइल हातात आला की विसरतात. आपा विसरल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं असं, "पोरं गणिताच्या तासाला गणित शिकतात. घंटा झाली की ते तिथंच ठेवतात अन् रिकाम्या हातानं भूगोलात जातात. भूगोलातलं भूगोलात ठेवून मराठीत येतात. हातचा घेतच नाहीत. मग वर्षाच्या शेवटी बेरीज चुकते, अन् आपण म्हणतो, पोरं कच्ची."

म्हणून तासाची घंटा झाली की त्या खडू खाली ठेवून विचारत, "हातचा काय?" मुलं आपसात भांडून त्या तासातली एक गोष्ट ठरवत. मग सगळा वर्ग एक-एक मूठ मिटे. ती मूठ पुढच्या विषयात उघडायची, जिथे तो हातचा कामाला येईल तिथे. नाही आला तर मिटूनच ठेवायची, त्याच्या पुढच्या विषयासाठी.

पुढचा तास बहुधा माझा असे. मी वर्गात शिरायचो तर समोर सगळी सातवी मोर्चाला निघाल्यासारखी बसलेली.

"हात मोकळे करा. वह्या काढा."

"सर, हातचा आहे."

"मग लिहिणार कशाने?"

"उजव्या हाताने. हातचा डाव्यात आहे सर. ऋण आहे ना."

यावर काय बोलावं, हे डी.एड.ला शिकवलेलं नव्हतं.

गाठ पडली ती अशाच एका तासाला. मी फळ्यावर नकारार्थी वाक्यांची उदाहरणं लिहीत होतो. त्यात एक लिहिलं, "त्याला काही कळत नाही असं नाही." मागे वळलो तर पहिल्या बाकावरची कोमल उभी. ही मुलगी प्रश्न विचारण्यासाठी उभी राहायची आणि उत्तर पटल्याशिवाय बसायची नाही. तिने मूठ उघडली.

"सर, यात दोन नाही आहेत."

"असू देत की."

"ऋण गुणिले ऋण धन. म्हणजे त्याला कळतं. मग वाक्य होकारार्थी झालं ना?"

मी फळ्याकडे बघितलं. वाक्य मीच लिहिलं होतं, पण आता ते माझ्या बाजूने राहिलं नव्हतं.

मग वर्ग पेटला. जो तो आपापल्या घरातली वाक्यं आणायला लागला. समीर नावाचा एक शंकेखोर पोरगा होता. तो म्हणाला, "सर, माझी आई म्हणते, तुला मारणार नाही असं समजू नको."

"दोन!" अर्धा वर्ग ओरडला.

"धन!" उरलेला अर्धा ओरडला. "म्हणजे मारणार!"

"मारतेच," समीर म्हणाला. उत्तराचा ताळा जमल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं.

त्या तासाला आम्ही नियम बसवले. वाक्यातले नकार मोजायचे. जोडी जमली की धन, एकटा उरला की ऋण. समीरने विचारलं, लागोपाठ दोन वाक्यं आली तर? मी म्हणालो, पूर्णविराम आला की गुणाकार थांबतो, पुढचं वाक्य नव्याने मोजायचं. घंटा कधी झाली ते कुणालाच कळलं नाही. मलाही नाही. स्टाफरूममध्ये आलो तर आपा चहाचा कप हातात धरून माझीच वाट बघत होत्या. "पडली गाठ?" त्यांनी विचारलं. मी खुर्चीत न बसता सगळं सांगितलं. आपल्याच विषयाबद्दल मी इतका वेळ उभ्याने बोलू शकतो, ही मला बातमी होती.

सगळ्यांनाच ही लागण झाली, असं मात्र नव्हे. इतिहासाच्या बाई एकदा चिडल्या. "आपा, तुमची ऋण संख्या इतिहासात आणू नका. इतिहासात ऋण नसतं."

"बाई, मग इसवी सनापूर्वी म्हणजे काय?" आपांनी विचारलं.

बाईंनी पाठ्यपुस्तक पुन्हा उघडलं.

"फक्त तिथं मधी शून्य ठेवलं नाय कुणी," आपा हळहळल्या. "वजा एकवरून डायरेक्ट एक. लई मोठी चूक करून ठेवली." ही चूक आपल्या गल्लीतल्याच कुणीतरी केली असावी, असा त्यांचा सूर होता.

भरती-ओहोटीचं प्रकरण तर पार मुख्याध्यापकांपर्यंत गेलं. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता, आणि मनपाचं पाणी आमच्याकडे रोज येत नाही. येतं तेव्हा ती बातमी असते. आपांनी या दोन्हींचा मेळ घातला. शाळेच्या पाण्याच्या टाकीत आतून मधोमध रंगाची रेघ मारली, तिच्यापुढे शून्य काढलं आणि वर-खाली फुटाफुटावर खुणा केल्या. ही समुद्रसपाटी. नळाला पाणी आलं की भरती, मधल्या सुट्टीनंतर ओहोटी. मुलं आळीपाळीने टाकीत डोकावून यायची आणि भूगोलाच्या तासाला आकडे सांगायची. शिपाईमामांनाही ती भाषा आवडली. एका सकाळी त्यांनी मुख्याध्यापकांना फोन केला, "सर, टाकी वजा दोन झाली."

"वजा दोन? म्हणजे कुणाकडून पाणी उसनं आणलं की काय?"

"नाय सर. पाणी हाय अजून. नुस्तं ऋण हाय."

त्या काळात शाळेच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर आलं होतं आणि शिक्क्यावर औरंगाबादच होतं. दोन्हींतलं काहीही वापरताना आमचे मुख्याध्यापक आधी इकडेतिकडे बघून घेत. असा माणूस त्या दिवशी शाळेत येताच आधी टाकीत डोकावून आला. त्यातच सत्राचं नियोजन भरायचा कागद. विषयवार रकाने, प्रत्येक रकान्यात त्या-त्या विषयाचे घटक. आपांनी गणिताच्या रकान्यातून बाण काढून ते भूगोल, मराठी, इतिहास असे सगळ्यांतून ओढत नेले.

"आपा, रकाने खराब का केलेत?"

"सर, भिंती होत्याच. दारं नव्हती, तेवढी काढली."

कागद संस्थेच्या कार्यालयात गेला आणि अध्यक्षसाहेब स्वतः वर्ग बघायला आले. त्यांनी भूगोलाच्या तासाला एका मुलाला विचारलं, "ओहोटी म्हणजे काय?" मुलगा म्हणाला, "वजा दीड." साहेब तडक मुख्याध्यापकांच्या केबिनकडे वळले. दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी आपांना केबिनमध्ये बोलावलं.

पाचोडला आमच्या संस्थेची दुसरी शाखा होती. ती चौथीपर्यंतच. आपांना तिथे पाठवायचं घाटत होतं.

आपा बाहेर आल्या तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना सावकाश चालताना पाहिलं. मला वाटलं, प्रवासाची काळजी असेल. करमाड एका टोकाला, पाचोड दुसऱ्या. मी तसं म्हणालो.

"प्रवासाचं काय घेऊन बसलात, सर? चौथीपर्यंत ऋण संख्या पोचतच नाहीत. तिथं सगळं शून्याच्या पुढचंच. लहानातून मोठं वजा होत नाही, असंच सांगावं लागतं पोरांना. मला माहितीय की वजा होतं, अन् मी ते नाय म्हणून सांगू?" त्यांनी खांद्यावरची पावडर झटकली. "अन् सातवीचं सत्र तर आत्ता कुठं सुरू झालंय."

मुख्याध्यापकांनी एक आशा ठेवली होती. जुलैत पालक मेळावा होता, विषय 'या सत्रात आम्ही काय शिकणार?' साहेब तिथे येणार होते. आपांनी पाच मिनिटं नीट, रकान्यात राहून बोलावं, साहेबांचं समाधान झालं तर बघू.

आता अध्यक्षसाहेबांविषयी थोडं सांगायला हवं. साहेब कधी सरळ हो म्हणत नसत आणि सरळ नाहीही म्हणत नसत. चहा घेणार का विचारलं तर "नको असं नाही" म्हणत. निधी मिळेल का विचारलं तर "मिळणार नाही असं आम्ही म्हणत नाही." त्यामुळे ते विचारी आहेत असा सगळीकडे लौकिक होता. आणि आमच्या मुख्याध्यापकांची सवय अशी, की साहेब बोलताना थांबले की टाळी वाजवायची. कशासाठी थांबले, ते नंतर बघायचं.

मेळाव्याला सभागृहात भलामोठा फलक लागला. त्यावर साहेबांचा फोटो मोठा, विषय बारीक, आणि जागा कमी पडल्यामुळे विषयातलं प्रश्नचिन्ह बरोबर साहेबांच्या डोक्यावर आलं होतं. खुर्च्यांवर पालक, पुढे सतरंजीवर सातवीचा वर्ग. एकेका विषयाचे शिक्षक उठून पडद्यावरच्या अध्ययन निष्पत्ती वाचून दाखवत होते. "विद्यार्थी आकलन करतात, विद्यार्थी विश्लेषण करतात." विद्यार्थी समोर बसून जांभया देत होते. पालक पंख्याची जागा शोधत होते. आपा भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचा नंबर साहेबांच्या भाषणानंतर होता.

साहेबांनी भाषण केलं. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब बसणार, एवढ्यात कोमलचे वडील उठले. शेंद्र्याच्या कंपनीतून पाळी सुटल्यावर तसेच आले होते, अंगात कंपनीचा शर्ट.

"साहेब, एक इचारायचं व्हतं. पोरगी सांगती, आपांला पाचोडला धाडणार म्हनून. खरं हाय का?"

साहेब पुन्हा माइकपाशी आले. त्यांनी आवाज मऊ केला.

"हे बघा, आपांची बदली होणार नाही, असं नाही."

एरवी असलं वाक्य पालकांच्या डोक्यात साखरेसारखं विरघळून जातं. अर्थ लागेपर्यंत चहा आलेला असतो. पण समोर सातवी बसली होती.

"दोन!" कुणीतरी म्हणालं.

"जोडी!"

"धन! म्हणजे होणार!"

"आपा चालल्या!" मागून एका मुलीचा रडका आवाज आला.

खुर्च्या करकरल्या. मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. "आवो, आमच्या पोरीला आत्ता कुठं गणित गोड लागाया लागलं, अन् तुमी आपांलाच धाडताव व्हय?" तिच्या शेजारच्या गृहस्थांनी हात वर करून विचारलं, "साहेब, ऐसा कायकू?" मग एकदम सगळेच बोलायला लागले.

साहेब गडबडले. सरळ उत्तर द्यायची सवय नसल्यामुळे त्यांनी घाईत जवळ होतं तेच वापरलं.

"अहो, तसं नाही. बदली होणार नाही असं नाही, असं काही नाही!"

आणि ते थांबले. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या.

सातवीने वाजवल्या नाहीत. ती बोटांवर मोजत होती. कोमल उभी राहिली. "होणार नाही, एक. असं नाही, दोन. असं काही नाही, तीन. ऋण! बदली होणार नाही!"

पालकांत हशा आणि टाळ्या एकदम सुरू झाल्या. तेवढ्यात समीर उठला.

"थांब. साहेब सुरुवातीला 'तसं नाही' म्हणाले. ते धरलं तर चार. चार म्हणजे धन. बदली होणार."

टाळ्या बंद पडल्या. सगळ्यांच्या माना आपांकडे वळल्या. "बस खाली, समीर," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. कुणी त्यांना दोष दिला नसता. मी तर मनातल्या मनात त्यांना तेच सांगत होतो. पण आपांनी मान जराशी कलती केली, वर्गात एखादं अवघड उदाहरण आलं की करत तशी, आणि खरोखरच विचार केला.

"समीरची शंका रास्त आहे," त्या म्हणाल्या. "पण हे गणित नाही, मराठी आहे." मग त्यांनी मिटलेली मूठ माझ्याकडे केली. "सर, हातचा तुमच्याकडं आला."

मी उठलो. सातवीच्या समोर, त्यांच्या आईबापांसमोर, मराठीच्या एका पूर्णविरामावर काहीतरी खरंखुरं अवलंबून आहे, असा प्रसंग मराठीच्या शिक्षकाच्या वाट्याला किती वेळा येतो?

"'तसं नाही' हे वेगळं वाक्य आहे," मी म्हणालो. "साहेब त्याच्यापुढे थांबले होते. तिथे पूर्णविराम. आणि पूर्णविराम आला की?"

"गुणाकार थांबतो!" सातवी ओरडली.

"मग पुढचं वाक्य मोज, समीर."

समीरने पुन्हा मोजलं. साक्षीदाराने शपथेवर सांगावं, तसं तो म्हणाला, "तीन. ऋण. होणार नाही."

साहेब तिथे पूर्णविरामासाठी थांबले होते की श्वास घ्यायला, हे मी सांगू शकत नाही. त्या दिवशी मला ते जाणून घ्यायचंही नव्हतं. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. साहेब वाकून मुख्याध्यापकांना काहीतरी विचारत होते, बहुधा आपण नक्की काय जाहीर केलं, हेच. पण मुख्याध्यापक अजून टाळ्या वाजवत होते.

मग आपा माइकपाशी आल्या. पाच मिनिटांचं भाषण होतं, ते अर्ध्या मिनिटात संपलं. "या सत्रात सातवीला काय येणार, ते सांगायला मी उभी राहणार होते. ते आत्ता तुमच्यासमोर येऊन गेलं. बाकीचे पाहुणे दिवाळीपर्यंत येतील. तुम्ही बी येत जा."

बदली झाली नाही. इतक्या लोकांनी मिळून सोडवलेलं उदाहरण पुसायचं कसं, ते संस्थेला सुचलं नसावं.

आता मी दुसऱ्या शाळेत आहे. इथली मुलं मोकळ्या हातांनी बसतात, वर्ग शांत असतो, रकाने स्वच्छ असतात. जून उजाडला की मात्र मी पुस्तकं चाळताना स्वतःशीच विचारतो, या सत्रात कोण येतंय? आणि परवा घंटा झाल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "हातचा काय?" मुलं माझ्याकडे बघत राहिली. मग एकीने हळूच मूठ मिटली. कशासाठी, ते तिला माहीत नव्हतं. सांगेन तिला.

मेळाव्यानंतरचा चहा सांगायचा राहिला. आपा ट्रे घेऊन साहेबांपुढे आल्या. "नको असं नाही," साहेब म्हणाले आणि आपांनी लगेच कपबशी हातात दिली. साहेबांनी एक घोट घेतला, आजूबाजूला कुणी नाही हे पाहिलं. मी होतो, पण मराठीच्या शिक्षकाला कुणी धरत नाही. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आपा, खरं सांगा. हे पोरांना तुम्ही मुद्दाम शिकवून ठेवलं होतं ना?"

आपांनी ट्रे एका हातावर पेलला. थोडा विचार केला.

"नाही असं नाही, साहेब."

साहेब हसले, मान डोलवली आणि कप तोंडाशी नेला. मग तो तिथेच थांबला. बशीखाली त्यांचं एक बोट हललं. मग दुसरं.